कमांड बरोबर, यंत्र भलतंच: एका प्रॉम्प्टच्या दुरुस्तीची हकिगत

एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर कर्नलचं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं) अपडेट बसलं होतं आणि आता लॅपटॉप रीस्टार्ट करायचा होता. समोर जे टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडं होतं त्यात त्याने 'सुडो रीबूट' टाइप केलं, एंटर मारलं आणि स्क्रीन काळी पडायची वाट बघत मागे टेकून बसला. स्क्रीन काही काळी पडली नाही. टर्मिनलमध्ये एक ओळ तेवढी उमटली: समोरच्या होस्टने (यंत्राने) कनेक्शन बंद केलं आहे. मी शेजारच्याच टेबलावर होतो. "अरे, ही खिडकी कुठली होती?" असं तो मला विचारत होता की स्वतःला, कोण जाणे.

ती खिडकी प्रॉडक्शन सर्व्हरची, म्हणजे आमची खरी सेवा ज्यावर चालते त्या यंत्राची होती.

एरवी सर्व्हर रीबूट झाला तर दोन-तीन मिनिटांत उठतो, चार लोक कुरकुरतात आणि विषय संपतो. आमच्या सर्व्हरची डिस्क पूर्ण एन्क्रिप्ट केलेली होती. बूट होताना तो पासफ्रेज (लांब पासवर्ड) मागून थांबतो, आणि पासफ्रेज टाकायला कन्सोल, म्हणजे यंत्राशी थेट बोलायची सोय, लागतो. कन्सोलची किल्ली एकाच माणसाकडे होती आणि तो माणूस त्या वेळी प्रवासात होता. सेवा परत सुरू व्हायला संध्याकाळ झाली. (कन्सोल एकाच्याच हाती ठेवणं ही वेगळी चूक. तिचा न्याय वेगळ्या बैठकीत झाला.)

अपघात एवढाच. त्यावर उपाय म्हणून प्रॉम्प्ट, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड लिहायच्या जागेआधी दिसणारा मजकूर, सुधारायला घेतला तेव्हा आम्ही एकामागून एक जे चुकत गेलो, लिहून ठेवण्याजोगं आहे ते त्यात.

दोन खिडक्या, एकच चेहरा

त्याच्या स्क्रीनवर दोन टर्मिनल शेजारीशेजारी होती. एक लॅपटॉपचं, दुसरं एसएसएचने (नेटवर्कवरून दूरच्या यंत्रात शिरायच्या साधनाने) सर्व्हरवर गेलेलं. दोन्हींत प्रॉम्प्ट अक्षरशः सारखा: चालू फोल्डरचं नाव आणि पुढे $ चिन्ह. प्रकल्पाचं फोल्डर दोन्ही यंत्रांवर एकाच नावाचं. रंग, फॉन्ट, सगळं तेच. म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला स्क्रीनवरून कळण्याची सोयच नव्हती, आठवणीवर अवलंबून राहायचं.

हे असं का झालं याचं उत्तर माझ्यापाशी येऊन थांबतं. आमच्या गटासाठी बॅशच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या (शेलच्या), सेटिंगची एक सामायिक फाइल मी बनवली होती आणि ती सगळ्या लॅपटॉपवर व सर्व्हरवर टाकली होती. डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणाली जो प्रॉम्प्ट देतात त्यात वापरकर्त्याचं नाव, @, होस्टनेम (यंत्राचं नाव) आणि पूर्ण पाथ (फोल्डरचा पत्ता) असतो. रेड हॅटच्या घराण्यात चौकोनी कंसात वापरकर्ता, होस्टनेम आणि फक्त शेवटचं फोल्डर असतं. दोन्हीकडे होस्टनेम ठेवलंय ते उगाच नाही. पण पाथ लांबला की कमांड पुढच्या ओळीवर जाते याचा मला वैताग यायचा, म्हणून मी प्रॉम्प्ट छाटला. छाटताना पाथ आखूड केला ते ठीक, पण त्याच झटक्यात नाव आणि होस्टनेमही उडवलं. 'मी कुठे बसलोय ते मला माहीत असतं की!' हा तेव्हाचा माझा युक्तिवाद.

होस्टनेम असतं तर अपघात टळला असता का? खात्री नाही. डोळा अपेक्षित तेच वाचतो, आणि यंत्रांची नावं बहुधा एकमेकांची भावंडं असतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याला दुय्यम डेटाबेस सर्व्हरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायची होती. कमांड चालली ती मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्याने ती थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले होते. त्या दोन सर्व्हरच्या नावांत फरक होता एका आकड्याचा: डीबी१ आणि डीबी२. गिटलॅबने नंतर जो अहवाल जाहीर केला त्यात करायच्या कामांच्या यादीत सगळ्या होस्टवरचा प्रॉम्प्ट बदलून होस्ट आणि त्याचं वातावरण (प्रॉडक्शन, टेस्ट वगैरे) अधिक ठळकपणे वेगळं दिसेल असं करण्याचंही काम होतं. त्यांचं खरं दुखणं अर्थात बॅकअपचं होतं. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे बॅकअप निघतच नव्हते आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. त्या मानाने प्रॉम्प्ट हे शेवटच्या दाराचं कुलूप. तरी कुलूप ते कुलूपच.

एसएसएचचा सुगावा

पहिला उपाय सुचायला पाच मिनिटं लागली. एसएसएचने लॉगिन केलं की सर्व्हर शेलच्या वातावरणात (शेल सोबत बाळगतो त्या माहितीच्या साठ्यात) 'एसएसएच_कनेक्शन' नावाचं व्हेरिएबल, म्हणजे नाव दिलेली एक नोंद, ठेवतो. त्यात चार गोष्टी असतात: आपल्या यंत्राचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), त्याचा पोर्ट, सर्व्हरचा आयपी, सर्व्हरचा पोर्ट. यंत्रासमोर बसून लॉगिन केलं तर ते व्हेरिएबल नसतंच. मग बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो त्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एक अट घातली की झालं: व्हेरिएबल रिकामं नसेल तर पीएस१ मध्ये (प्रॉम्प्टची मांडणी ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) लाल पार्श्वभूमीवर होस्टनेम दाखवा, रिकामं असेल तर साधा प्रॉम्प्ट.

टाकल्या दिवशी सगळे खूश. दुसऱ्या दिवशी तक्रार आली की लांब कमांड लिहिली की ती पुढच्या ओळीवर न जाता स्वतःच्याच डोक्यावर चढते, आणि वरचा बाण दाबून जुनी कमांड आणली की आधीच्या कमांडचे तुकडे मागे राहतात. ही माझी जुनीच खोड. रंगाचे संकेत दिसत नाहीत, पण ती अक्षरंच असतात. लाल पार्श्वभूमी सुरू करणारा संकेत पाच अक्षरांचा, रंग पूर्ववत करणारा चार अक्षरांचा. ही नऊ अक्षरं पडद्यावर जागा घेत नाहीत हे बॅशला सांगावं लागतं. त्यासाठी संकेताच्या आधी \[ आणि नंतर \] लिहायचं. ते विसरलं की बॅश प्रॉम्प्ट नऊ घरं जास्त रुंद धरून चालतो आणि ओळ भलत्या जागी मोडतो.

वरवर ही किरकोळ दिसणारी गोष्ट मला गंभीर वाटते. पडद्यावर दिसणारी कमांड आणि एंटर मारल्यावर चालणारी कमांड वेगळ्या असणं, तेही प्रॉडक्शनवर, हा मूळ रोगापेक्षा वाईट उपचार झाला. सुरक्षेसाठी रंग लावायला गेलो आणि आगीतून फुफाट्यात पडलो.

ते दुरुस्त केलं. मग खरी भानगड समोर आली.

रूट झालं की रंग गेला

सर्व्हरवर लाल प्रॉम्प्ट दिसत असताना कोणीतरी 'सुडो डॅश आय' करून रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) झालं आणि प्रॉम्प्ट पुन्हा काळा-पांढरा, अगदी लॅपटॉपसारखा. सुडो डीफॉल्टने वातावरण साफ करून पुढे जातं. मोजकी व्हेरिएबल्स राखतं, बाकीची टाकून देतं, आणि एसएसएच_कनेक्शन त्या मोजक्यांत नाही. शिवाय रूटची बॅशआरसी वेगळी, तिच्यात आमची अट नव्हतीच. गंमत म्हणजे रूट व्हायची दुसरी कमांड 'सू' नुसती केली, डॅश न लावता, तर वातावरण बरंचसं तसंच राहतं आणि व्हेरिएबल टिकतं. म्हणजे रंग दिसणार की नाही हे तुम्ही रूट कसे झालात यावर ठरत होतं.

साध्या वापरकर्त्याला लाल, आणि जो सगळं पुसू शकतो त्याला काहीच नाही! आमचा इशारा नेमका नको तिथे गप्प बसत होता.

सुडोच्या सेटिंगमध्ये हे व्हेरिएबल राखायच्या यादीत घालता येतं, आणि काही दिवस आम्ही तसं केलंही. तेवढ्यात टीमक्सचं, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी टर्मिनलचं सत्र जिवंत ठेवणाऱ्या साधनाचं, गाऱ्हाणं आलं. टीमक्सचं सत्र तुटत नाही म्हणून तर ते वापरायचं. पण त्याच्या आतले शेल ज्या वेळी सुरू झाले त्या वेळचं वातावरण घेऊन जगतात. ऑफिसातल्या एका यंत्रावर समोर बसून कोणी टीमक्स सुरू केलं, रात्री घरून एसएसएचने येऊन त्याच सत्राला जोडून घेतलं, तर आतले जुने शेल अजून स्वतःला स्थानिकच समजतात. सत्राला जोडून घेताना टीमक्स स्वतःकडची एसएसएचची माहिती ताजी करतं, पण ती मिळते नव्याने उघडलेल्या शेलना. जुन्यांना कोण सांगणार? आणि उलटही होतं: एसएसएचमधून सुरू केलेलं सत्र दुसऱ्या दिवशी समोर बसून उघडलं तर तिथे लालभडक प्रॉम्प्ट.

एका हुशार सहकाऱ्याने वेगळी वाट काढली. व्हेरिएबलवर विसंबायचंच नाही, चालू शेलच्या पालक प्रोसेसपासून (तो सुरू करणाऱ्या प्रोग्रामपासून) वर वर चढत जायचं आणि वाटेत 'एसएसएचडी' (एसएसएचचा सर्व्हरकडचा प्रोग्राम) भेटलं की लाल करायचं. सुडोतून हे टिकलं. टीमक्समध्ये टिकलं नाही, कारण टीमक्सचा सर्व्हर मूळ लॉगिनपासून सुटून वेगळा राहतो. पुढे एका यंत्रावर ओपनएसएसएच या एसएसएचच्या सॉफ्टवेअरची ९.८ आवृत्ती आली आणि तिथे ही युक्ती सरळच बंद पडली. २०२४ च्या त्या आवृत्तीपासून प्रत्येक कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस 'एसएसएचडी-सेशन' या वेगळ्या नावाने चालते, आणि त्या सहकाऱ्याने तुलना केली होती पूर्ण नावाशी.

सगळंच लाल

तांत्रिक ठिगळं लावत असताना एक गोष्ट आम्हाला दिसलीच नाही. आम्ही दिवसभर एसएसएचमध्येच असतो. टेस्टचं यंत्र एसएसएचने, बिल्डचं एसएसएचने, बॅकअपचं एसएसएचने, प्रॉडक्शनही एसएसएचनेच. म्हणजे दिवसभर सगळं लाल. तीन आठवड्यांत लाल हा आमच्यासाठी टर्मिनलचा नेहमीचा रंग झाला. मी मुद्दाम एकाला विचारलं, "तुझ्या उजवीकडच्या खिडकीत कुठलं यंत्र आहे, न बघता सांग." त्याने सांगितलं टेस्ट. होतं बॅकअप. प्रॉम्प्ट लाल होता, त्याच्या समोरच होता.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की आमचा प्रश्नच चुकला होता. 'मी दूरच्या यंत्रावर आहे का?' हे विचारून काही मिळत नाही, उत्तर जवळजवळ नेहमीच हो असतं. विचारायला हवं होतं 'इथे चूक झाली तर कोणाचं काय बिघडेल?' आणि याचं उत्तर मी यंत्रापर्यंत कुठल्या वाटेने आलो यावर ठरत नाही. प्रॉडक्शनच्या कन्सोलवर प्रत्यक्ष समोर बसलेला माणूसही तितकाच धोकादायक. त्याला एसएसएचवर आधारलेला प्रॉम्प्ट म्हणाला असता, निश्चिंत राहा, तुम्ही घरीच आहात.

यंत्राने स्वतःची ओळख सांगावी

यासाठीचा नमुना डेबियनमध्ये आधीपासून आहे. त्याची बॅशआरसी एटसी या यंत्राच्या सेटिंगच्या फोल्डरमधली 'डेबियन_सीएचरूट' नावाची फाइल बघते आणि ती असेल तर तिच्यातला मजकूर प्रॉम्प्टच्या सुरुवातीला कंसात दाखवते. ओळख फाइलमध्ये, फाइल यंत्रावर. वातावरणात काही नाही, म्हणून सुडोने पुसायला काही नाही आणि टीमक्सने शिळं ठेवायलाही काही नाही.

आम्ही तशीच एक फाइल एटसीत ठेवली. तिच्यात भूमिकेचा एक शब्द: प्रॉड, टेस्ट, बॅकअप किंवा स्वतःचं. शेल सुरू होताना ती एकदाच वाचायची, तीही बॅशच्या अंगच्याच 'रीड' कमांडने. प्रत्येक प्रॉम्प्टला बाहेरचा प्रोग्राम चालवणं टाळलं, कारण यंत्र भाराने वाकलेलं असताना प्रॉम्प्टसुद्धा अडखळायला लागला तर माणूस तो आधी बंद करतो. प्रॉम्प्टची ही मांडणी गेली सगळ्या वापरकर्त्यांना लागू होणाऱ्या फाइलमध्ये. मात्र ती फाइल आधी वाचली जाते आणि वैयक्तिक बॅशआरसी नंतर, त्यामुळे वैयक्तिक फाइलमधला पीएस१ आमच्या मांडणीवर बोळा फिरवतो. म्हणून सर्व्हरवरच्या, रूटसकट, सगळ्यांच्या फायलींतल्या पीएस१ च्या ओळी काढून टाकल्या. लॅपटॉपवर ज्याला जे सजवायचं ते त्याने सजवावं, सर्व्हरवर नाही. यावर थोडी धुसफूस झाली. मी ऐकून घेतली, पण बदललं काही नाही.

लाल पार्श्वभूमी आता फक्त प्रॉडक्शनला. बॅकअपला जांभळी अक्षरं, टेस्टला निळी, आणि स्वतःच्या लॅपटॉपला कसलाच रंग नाही. हिरवा मुद्दाम टाळला. आमच्यातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि हे त्याने पहिल्या लाल प्रॉम्प्टच्या वेळी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं. त्याच्यासाठी म्हणून भूमिकेचा शब्दही प्रॉम्प्टमध्ये छापायला लागलो, आणि तो सगळ्यांनाच उपयोगी पडला. टर्मिनलमधला मजकूर कॉपी करून कोणाला पाठवला की रंग गळून पडतो, शब्द राहतो.

होस्टनेमबाबतही एक मेख होती. पीएस१ मध्ये उलटा स्लॅश आणि लहान एच लिहिलं की पहिल्या टिंबापर्यंतचंच नाव येतं. आमच्या टेस्ट आणि प्रॉडक्शनच्या यंत्रांची नावं पहिल्या टिंबापर्यंत सारखी आणि नंतर वेगळी. म्हणजे ज्या भागाने फरक कळतो तोच भाग कापला जायचा. मोठा एच लिहिला की पूर्ण नाव येतं, अर्थात यंत्राला पूर्ण नाव दिलेलं असेल तर. जागा जाते, जाऊ दे. मी एकदा जागा वाचवून बघितली आहे.

एवढं करूनही एकदा तोंडघशी पडलो. टेस्टच्या डिस्कची प्रत काढून नवा प्रॉडक्शन सर्व्हर उभा केला. प्रतीबरोबर भूमिकेची फाइलही आली आणि प्रॉडक्शन चार दिवस निळ्या अक्षरांत स्वतःला टेस्ट म्हणवत राहिलं. रंगच नसता तर माणूस निदान सावध राहिला असता. चुकीच्या रंगाने त्याला निर्धास्त केलं. त्यानंतर फाइलमध्ये दोन शब्द आले: होस्टनेम आणि भूमिका. फाइलमधलं होस्टनेम यंत्राच्या नावाशी जुळलं नाही, किंवा फाइलच नसली, तर पार्श्वभूमी पिवळी आणि शब्द 'अनोळखी'. लॅपटॉपलासुद्धा 'स्वतःचं' असं फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. आधी मी फाइल नसणं म्हणजे बिनधोक असं धरलं होतं. तिथे संशयाचा फायदा देण्यात अर्थ नव्हता.

प्रॉम्प्टच्या पलीकडे

टर्मिनलच्या खिडकीचं शीर्षक बदलण्याचा प्रयोग मी आठवडाभर करून सोडला. सर्व्हरने शीर्षक बदललं, मग कनेक्शन तुटलं, आणि शीर्षक तसंच राहिलं. लॅपटॉपचा प्रॉम्प्ट ते परत बदलत नाही तोवर खिडकी खोटं बोलते.

कोणीतरी उत्साहात लॉगिन होताच मोठ्या अक्षरांत 'प्रॉडक्शन' असं छापणारी ओळ बॅशआरसीत घातली आणि फाइल पाठवणं बंद पडलं. एसएसएचने आलेल्या कमांडसाठी, समोर माणूस नसतानाही, बॅश ती फाइल वाचतो. मग ती सजावट एसएफटीपीच्या (एसएसएचवरून फायली पाठवायच्या पद्धतीच्या) संवादात जाऊन पडते आणि पलीकडचा प्रोग्राम तिची पहिली चार अक्षरं संदेशाची लांबी समजून 'संदेश फार मोठा आहे' म्हणत बाहेर पडतो. शेल माणसासमोर चालू आहे का हे तपासल्याशिवाय त्या फाइलने काहीही छापू नये.

आणि प्रॉम्प्ट कमांड अडवत नाही, तो फक्त दिसतो. रीबूटसाठी म्हणून डेबियनमधलं 'मॉली-गार्ड' प्रॉडक्शनवर बसवलं. एसएसएचमधून यंत्र बंद किंवा रीबूट करायला गेलं की ते विचारतं, या यंत्राचं नाव काय? नाव बरोबर टाइप केलं तरच पुढे जातं. हे नाव जुन्या संगणकी बोलीतून आलं आहे. एका प्रोग्रामरच्या मॉली नावाच्या छोट्या मुलीने आयबीएम ४३४१ चं मोठं लाल बटण एकाच दिवशी दोनदा दाबलं आणि मग त्यावर प्लास्टिकचं झाकण बसवलं गेलं, अशी त्याची कथा सांगतात. 'हो की नाही' असं विचारणाऱ्या साधनांपेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं. 'हो' बोटं झोपेतही दाबतात. यंत्राचं नाव आठवावं लागतं, आणि आठवताना माणूस प्रॉम्प्टकडे बघतो.

एक भोक मात्र अजून बुजलेलं नाही. मागच्या महिन्यात एक जण स्वतःच्या लॅपटॉपवर होता. प्रॉम्प्टला रंग नाही, शब्द 'स्वतःचं', सगळं खरं. त्याच खिडकीत त्याने पीएसक्यूएल (पोस्टग्रेस डेटाबेसशी बोलायचा प्रोग्राम) उघडलं होतं आणि ते नेटवर्कवरून प्रॉडक्शनच्या डेटाबेसला जोडलेलं होतं. पीएसक्यूएलच्या आत शेलचा प्रॉम्प्ट नसतो, त्याचा स्वतःचा असतो, आणि तो डीफॉल्टने फक्त डेटाबेसचं नाव दाखवतो. आमच्याकडे ते नाव टेस्टवर आणि प्रॉडक्शनवर एकच आहे. टेबल रिकामं करणारी ओळ त्याने लिहिली होती, एंटर मारायचं बाकी होतं, तेवढ्यात त्याला दुसऱ्या कामासाठी हाक आली. परत आल्यावर त्याने कनेक्शन कुठलं ते तपासलं.

पीएसक्यूएलचा प्रॉम्प्ट बदलता येतो. टक्के चिन्ह आणि मोठा एम लिहिला की डेटाबेस सर्व्हरचं पूर्ण नाव येतं. पण ती सेटिंग लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये राहते, म्हणजे यंत्राने स्वतःची ओळख सांगायची ही आमची रीत तिथे चालत नाही, ओळख बघणाऱ्याच्या बाजूला ठेवावी लागते. सध्या सहा लॅपटॉपपैकी चारांवर ती सेटिंग आहे. उरलेल्या दोघांच्या मागे लागलोय. दरम्यान टेस्टच्या डेटाबेसचं नाव बदलून टाकायचं काम मी यादीत सगळ्यात वर घेतलं आहे.